तीस हर्ट्झच्या खाली

सोमवार, २ सप्टेंबर

वरचा १७२, खालचा १०४. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ही वही हातात दिली. म्हणाल्या, "वेंग काका, रोज रक्तदाब लिहायचा. आणि राग आला की कशाचा आला, तेही लिहायचं." मी म्हटलं, "मग एका वहीत भागायचं नाही." त्या हसल्या. मी काही विनोद केला नव्हता.

पहिला राग समोरच्या पाटीचा. सकाळी शटर वर केलं की रस्त्यापलीकडची ती लालभडक पाटी डोळ्यांत घुसते: रुइपिन कार ऑडिओ. नऊ वर्षं हा माझ्या हाताखाली होता. तारेला डाग कसा द्यायचा, स्पीकरची पेटी कशी जोडायची, ॲम्पचं बटन नुसत्या कानाने कसं लावायचं, सगळं मी शिकवलं. दोन वर्षांपूर्वी एक दिवस दोन्ही हातांनी चहा पुढे करून सांगतो, "उस्ताद, मी स्वतःचं दुकान टाकतोय." टाक ना. पण समोर? अख्खं गाव मोकळं पडलंय.

दुसरा राग देवळाच्या समितीचा. सात ऑक्टोबरला देवळातल्या देवाचा, तिसऱ्या राजपुत्राचा वाढदिवस, मोठी मिरवणूक. मिरवणुकीच्या ट्रकचं काम समितीने आम्हा दोघांत वाटलं. आवाज माझा, दिवे त्याचे. म्हणजे ट्रकच्या किल्ल्या त्याच्याकडेही.

आवाज मात्र मी असा बसवलाय की कुणी बोट ठेवून दाखवावं. पंधरा इंची दोन वूफर, पेटी चौतीस हर्ट्झला बांधलेली, सबसॉनिक फिल्टर तीसवर, बास बूस्ट शून्य. डॉक्टरीणबाई ही वही वाचणार असतील तर त्यांच्यासाठी लिहितो. फिल्टर म्हणजे चाळणी. तीसच्या खालचा आवाज कानाला जेमतेम कळतो, ती नुसती छातीतली धडधड. ती या पेटीला पेलत नाही. पडदा सैरभैर होऊन पुढेमागे आपटतो आणि फाटतो. म्हणून ती अडवायची. आणि बूस्ट म्हणजे खालच्या आवाजाला पाजलेली दारू. जरा चढवली की तो दुप्पट ताकद मागतो, पूर्ण चढवली की सोळा पट, आणि मग कॉइल जळते.

ट्रकवर वाजतो तो ढोल बाबांचा. चाळीस वर्षं देवळाचा मोठा ढोल त्यांनीच वाजवला. अकरा वर्षांपूर्वी मी तो रेकॉर्ड करून ठेवला, तोच अजून नाचणाऱ्यांना चालतो. बाबा आता चौऱ्याऐंशीचे. कान गेल्यातच जमा. कानातलं यंत्र शर्टाच्या खिशात ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "त्यात सगळे मच्छरासारखे बोलतात."

गुरुवार, ५ सप्टेंबर

१६८/१०२.

एक दातांचा डॉक्टर नवी पांढरी गाडी घेऊन आला. डिकीत वूफर बसवला, लावून दिला. म्हणे, "बूस्ट बारावर ठेवा."

मी म्हटलं, "जळेल."

"मित्राच्या गाडीत बारावर आहे."

"मित्राचा वूफर गेला की कळवा."

"अहो, गाडी माझी आहे ना?"

"दात पेशंटचा असतो ना? तो म्हणाला दुखरा राहू दे, शेजारचा उपटा, तर उपटाल का?"

त्याचा चेहरा पडला. तणतणत रस्ता ओलांडून सरळ रुइपिनकडे गेला. मी म्हटलं, बरं झालं, दोन गाढवं भेटली. वीस मिनिटांनी परत आला आणि पडेल आवाजात म्हणाला, "ते म्हणतात, माझ्या उस्तादांनी लावलंय त्याला हात लावू नका, त्याहून चांगलं मलाही जमणार नाही." बघा नाटक! गिऱ्हाइकासमोर मोठेपणा मिरवायचा, मला खिजवायचं.

संध्याकाळी जेवताना बाबा मात्र खुशीत. रताळ्याची पेज दोनदा घेतली. "आज ढोल छान लागला होता," म्हणाले. रोज तीन वाजता देवळाच्या आवारात जातात. ट्रकवाला आशुंग नाचणाऱ्यांच्या सरावासाठी आवाज लावतो आणि बाबा लाल प्लास्टिकच्या स्टुलावर, स्पीकरच्या पेटीला पाठ टेकून बसतात. म्हणे पाठ बरी होते. पेटी आहे का शेगडी? मी म्हटलं, ऐकू तर येत नाही, मग ढोल छान लागला हे कळलं कसं? त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

सोमवार, ९ सप्टेंबर

१८१/१०९. आज बाईंनी कशाचा ते विचारूच नये.

सकाळी आशुंगचा फोन. "वेंग भाऊ, ट्रकमधून जळका वास येतोय." धावत गेलो. डाव्या वूफरची कॉइल काळी ठिक्कर. ॲम्पच्या कपाटाचं दार उघडलं तर बूस्ट पार शेवटाला आणि फिल्टर तळाला, दहावर. हे आपोआप होत नाही. ती बटनं खोलगट भोकात असतात, स्क्रूड्रायव्हर घालून फिरवावी लागतात.

आशुंगला धरलं. तो सुपारी थुंकून म्हणाला, "देवाशपथ, मी नुसतं चालू-बंद करतो. मला ते कपाट म्हणजे विजेचा मीटर."

"दार उघडं का असतं?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, गरम होतं, वारा लागू दे."

मग उरला कोण? किल्ली कुणाकडे? शनिवार-रविवार शहाणा सासुरवाडीला ताइतुंगला गेला होता. जायच्या आधी फिरवून गेला असणार, म्हणजे आपण गावातच नव्हतो म्हणायला मोकळा. एरवी रोज संध्याकाळी ट्रकपाशी असतो, दिवे तपासतो म्हणे. इतके काय तपासायचे असतात दिवे?

लीच्वानला सांगितलं. बायको म्हणून निदान हो ला हो म्हणावं. ती म्हणाली, "अहो, त्याला काय मिळणार त्यातून?"

"माझी अब्रू जाईल, हे मिळणार."

"तुमची अब्रू घेऊन तो काय करणार, दिव्यांत लावणार?"

बुधवार, ११ सप्टेंबर

चियायीहून नवी कॉइल आणून बसवली. पडद्यावर बोट ठेवून, हळूहळू आवाज चढवत पुन्हा लावलं. तीसवर फिल्टर. बोटाला पडदा पुढेमागे जाताना कळतो, तीसच्या खाली गेलं की कसा बावचळतो तेही कळतं. मीटर नंतर, आधी बोट. हे त्या माकडाला मीच शिकवलं होतं. दोन्ही बटनांच्या कडेला पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारून ठेवली. आता केसभर जरी हललं तरी कळेल.

हे तीन दिवस ट्रक बंद होता. बाबा तीन दिवस पडून. धड जेवले नाहीत. "ट्रक कधी वाजणार?" हे एवढंच. काल विचारलं, आज दोनदा विचारलं. मी ओरडलो, "मी काय मजा म्हणून बंद ठेवलाय? विचारा त्या तुमच्या लाडक्या रुइपिनला!" ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

शनिवार, १४ सप्टेंबर

काल चंद्राचा सण. दुकानापुढे शेगडी पेटवून आम्ही मांस भाजत होतो. तर हा पठ्ठ्या रस्ता ओलांडून आला, हातात दोन पपनसं. मला नमस्कार, लीच्वानला "काकू, कोळसा ओला आहे वाटतं," आणि सरळ बाबांच्या शेजारी. लहानपणी हा बाबांकडे ढोल शिकायचा, ते निमित्त. दोघं कानाला तोंड लावून काय बोलत होते कोण जाणे. बाबांनी त्याचा हात हातात घेतला आणि त्यावर बोटांनी ताल धरला. मग त्याचा हात थोपटला. त्याने मान हलवली, "नाही, नाही," असं काहीतरी. बाबांनी पुन्हा थोपटला. शेवटी त्याने हो म्हटलं.

माझ्या दारात, माझ्या बापाला, पपनसं खाऊ घालून फितवतोय. मी शेगडीतलं मांस करपवलं. लीच्वान म्हणाली, "कॉइलनंतर हे."

गुरुवार, १९ सप्टेंबर

रक्तदाब मोजला नाही. मोजायचं यंत्र फुटेल.

पुन्हा! पांढरी रेघ एकीकडे, बटन दुसरीकडे. फिल्टर तळाला, बूस्ट माथ्यावर. या वेळी उजव्या वूफरचा पडदा कडेने फाटलाय, आतून स्पंज लोंबतोय. आणि साहेबांचं दुकान दोन दिवस बंद. मुलीला ताप म्हणे.

आज दुपारी त्याने शटर उघडताच रस्ता ओलांडला. तो पडलेला चेहरा घेऊन काउंटर पुसत होता.

"का केलंस?"

"काय, उस्ताद?"

"उस्ताद म्हणू नकोस. ट्रकची बटनं का फिरवलीस?"

त्याने फडकं खाली ठेवलं. "मी बिघडवलेलं नाही. शपथ घेऊन सांगतो. उलट मी..." आणि माझ्या खांद्यावरून मागे बघून थांबला. बाबा रस्ता ओलांडून येत होते, उन्हात, काठी टेकत.

"उलट काय? बोल!"

"काही नाही," म्हणाला. माणूस निर्दोष असला तर बोलतो. हा बाबांकडे बघत राहिला, माझ्या नजरेला नजर द्यायची हिंमत नव्हती.

शनिवार, २१ सप्टेंबर

समितीची बैठक. मी सगळं मांडलं: किल्ली, तारखा, पांढरी रेघ. अध्यक्ष हौ म्हातारा माणूस, त्याला कुणाला दुखवायचं नसतं. म्हणाला, "आपण देवाला विचारू. लाकडाचे दोन तुकडे टाकू, कौल मिळेल तसं करू."

मी म्हटलं, "देवाला फिल्टर कळतो का? तीस वर्षं या गावातल्या गाड्या मी लावतोय. माझ्या शब्दाला किंमत नसेल तर ट्रक दुसऱ्याकडे द्या."

देव्हाऱ्यासमोर असं बोललो म्हणून दोघा-तिघांनी हात जोडले. पण ऐकलं. हौने रुइपिनला विचारलं, "तुला काही म्हणायचंय?"

बाबा शेवटच्या स्टुलावर बसले होते. यंत्र खिशात. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, चहा पीत होते. रुइपिनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "काही नाही."

किल्ल्या काढून घेतल्या. दिव्यांचं काम काढून घेतलं. जाताना त्याने सगळ्यांना वाकून नमस्कार केला, मला सोडून नाही. मलाही केला. त्याचाच मला जास्त राग आला.

रविवार, २२ सप्टेंबर

जिंकलो. घरात कुणी बोलत नाही.

बुधवार, २५ सप्टेंबर

समोर एक माणूस आला, रुइपिनशी दोन शब्द बोलला, अर्धवट काम झालेली गाडी तशीच घेऊन माझ्याकडे आला. आजवर असे तिघे झाले. "देवळाच्या ट्रकशी असं करणारा आपल्या गाडीशी काय करेल," म्हणतात. मी म्हटलं, बरोबर.

मग त्या गाडीची डिकी उघडली. तारा इतक्या स्वच्छ बांधलेल्या, की मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. माझीच पद्धत. माझ्याहून नीट.

वरचा १७६ आहे. शत्रू गेला तर कमी व्हायला हवा होता.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

आज रक्तदाब नंतर.

गेल्या मंगळवारी नवा वूफर बसवून ट्रक पुन्हा सुरू केला होता. आज दुपारी सहज तपासायला गेलो, तर रेघ आणि बटन पुन्हा वेगळे. किल्ली तर आता फक्त माझ्याकडे आणि आशुंगकडे. बटनं जागेवर आणली आणि वडाच्या मागे जाऊन उभा राहिलो. म्हटलं आज धरतोच.

तीन वाजता आशुंगने ढोल लावला आणि सावलीत जाऊन फोनवर बोलत बसला. बाबा आले. स्टूल ओढलं, शर्टाची बटनं काढली, उघडी पाठ पेटीला टेकवली. डोळे मिटले. थोड्या वेळाने कपाळाला आठी पडली. उठले. पँटच्या खिशातून माझाच छोटा, पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला, कपाटात हात घातला, आणि सवयीच्या हाताने, न बघता, दोन्ही बटनं फिरवली.

पेटी घुमली. माझ्या पायाखालच्या फरश्यांतून ते वर आलं. बाबा परत बसले. त्यांचे दोन्ही हात मांड्यांवर चालू लागले, डावा, उजवा, उजवा. ढोल वाजवायचे तसे.

मी धावत जाऊन मेन स्विच ओढला. त्यांनी डोळे उघडले.

"तुम्ही? तुम्ही!" मी ओरडत होतो. त्यांना ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्या खिशातलं यंत्र काढून कानात कोंबलं. "दोन स्पीकर गेले! माझी अब्रू गेली! का केलंत?"

ते शांतपणे म्हणाले, "तू ढोलाचा तळ काढून टाकलास."

"तळ नाही, फिल्टर आहे तो! नसला तर फाटतं!"

"मला वरचं ऐकू येत नाही. मला तेवढंच उरलंय. माझाच ढोल आहे ना तो? तू लावतोस तेव्हा नुसती काठी वाजते. चामडं वाजत नाही."

"मग मला सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर तू घरी बसवलं असतंस. स्कूटर काढून घेतलीस तसं."

खरंय, बसवलं असतं.

मग ते म्हणाले, "रुइपिनने पाहिलं होतं मला. पहिल्याच आठवड्यात. रागावला. मग म्हणाला, आजोबा, थोडा वेळ फिरवा, मी रोज संध्याकाळी येऊन जागेवर आणीन. मी त्याच्याकडून वचन घेतलं, तुला सांगणार नाही म्हणून." आणि थोडं थांबून, "हल्ली का येत नाही तो? मुलगी बरी नाही का अजून?"

त्यांना काहीच माहीत नाही. बैठकीत समोर बसून चहा पीत होते, आणि त्यांना काहीच माहीत नाही.

शनिवार, २८ सप्टेंबर

ज्या दिवशी तो ताइतुंगला होता, त्या दिवशी कॉइल जळली. ज्या दिवशी त्याची मुलगी तापली, त्या दिवशी पडदा फाटला. मी तारखा समितीपुढे स्वतः वाचून दाखवल्या होत्या.

रविवार, २९ सप्टेंबर

विचार केला तर गप्प बसणंच शहाणपणाचं. समितीचा निर्णय झालाय. आता खरं सांगायचं तर बाबांचं नाव घ्यावं लागणार. चौऱ्याऐंशीव्या वर्षी गावासमोर त्यांचा तमाशा? चाळीस वर्षं देवळाची सेवा केलेला माणूस. ते मला करवणार नाही. रुइपिन तरुण आहे, सावरेल.

मंगळवार, १ ऑक्टोबर

लीच्वानला सगळं सांगितलं, गप्प बसायचं ठरवलंय तेही सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "कुणाची इज्जत वाचवताय, बाबांची का तुमची?"

"बाबांची."

"मग बाबांना विचारा."

मी स्टूल ढकलून उठलो. रागाने दुकानात जाऊन, तपासणीसाठी ठेवलेल्या दातांच्या डॉक्टरच्या गाडीचा बूस्ट उगाचच पुन्हा तपासला. शून्यावर होता. मीच लावला होता.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

गेलो शेवटी. त्याचं दुकान रिकामं. तो भिंतीला टेकून बसला होता, मुलगी शेजारी चित्र काढत होती. मुलीला त्याने आत पाठवलं.

मी म्हटलं, "मला कळलं."

"हं."

"तू सांगायचं होतंस."

तो एकदम उठला. नऊ वर्षांत मी त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "मी सांगायचं होतं? नऊ वर्षं तुमच्या हाताखाली काढली, आणि तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आलात ते 'का केलंस' म्हणत आलात! 'केलंस का' असं विचारलं असतंत तर, वचन दिलं होतं तरी, मी कदाचित बोललो असतो."

मी म्हटलं, "माफ कर."

"इथे नको. इथे कोण आहे? जिथे चोर ठरवलंत तिथे म्हणा. आणि आजोबांचं नाव घ्यायचं नाही."

"मग काय सांगू मी?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मीही बघितलंच ना."

रस्ता ओलांडताना एका स्कूटरवाल्याला शिव्या दिल्या. त्याची चूक नव्हती.

शनिवार, ५ ऑक्टोबर

मिरवणुकीआधीची शेवटची बैठक. मी बाबांना घरी ठेवणार होतो. लीच्वान त्यांना धुतलेला शर्ट घालून, हाताला धरून घेऊनच आली. मी डोळे वटारले, तिने दुसरीकडे पाहिलं. रुइपिन दारापाशी उभा होता. हौने त्याला निरोप धाडून बोलावलं होतं, मीच धाडायला सांगितला होता.

मी उभा राहिलो. रात्रभर वाक्यं जुळवली होती, एकही आठवेना. म्हटलं, "ट्रकचे स्पीकर माझ्यामुळे गेले. फिल्टर मीच चुकीचा लावला होता. रुइपिनने काहीही केलेलं नाही. मी त्याच्यावर खोटा आळ घेतला."

हौ म्हणाला, "पण ती पांढरी रेघ? बटन हललं होतं म्हणालास ना?"

"रेघच चुकीच्या जागी मारली होती."

मागून कुणीतरी हसलं. "तीस वर्षांचा कारागीर, आणि रेघ चुकली?"

"चुकली."

आयुष्यात मी हे कधी कुणासमोर बोललो नव्हतो. बायकोसमोरही नाही. आणि त्यात बाबा लीच्वानला ढोसत होते, "काय म्हणतोय? काय म्हणतोय तो?" यंत्र अर्थात खिशात.

लीच्वान मोठ्याने म्हणाली, "तुम्हीच सांगा त्यांना."

म्हणजे पुन्हा. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि ओरडलो. कुजबुजून त्यांना काही कळत नाही. "मी म्हणालो, चूक माझी होती! फिल्टर मी चुकीचा लावला! रुइपिनला मी चोर म्हटलं, ते खोटं होतं!" बाहेर वडाखाली पत्ते खेळणाऱ्यांनीही माना वळवल्या.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग रुइपिनकडे. काय झालंय ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटलं. आणि त्यांनी काठी अशी आपटली की चहाचे पेले नाचले.

"खोटं बोलतोय हा!" बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, देवळाचे खांब हादरले. "याचा फिल्टर चुकतो होय? कधी चुकलाय? अगदी बरोबर लावला होता याने! म्हणून तर मी फिरवला!"

हौने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मी फिरवला! रोज! आणि हा पोरगा," काठी रुइपिनकडे, "रोज नीट करून ठेवायचा. याला तुम्ही काय म्हणालात? चोर?" ते उठायला लागले, गुडघ्यावर खाली जायला लागले, रुइपिनसमोर. तो दारातून धावत आला आणि त्याने त्यांना काखेत धरून वर उचललं. "आजोबा, काय करताय, आजोबा," एवढंच म्हणत होता. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की दुसरं काही, मला दिसलं नाही. मला तेव्हा फारसं काही दिसतच नव्हतं.

हौ खाकरला. "परवा मिरवणूक आहे. ट्रकचं काय?"

रुइपिन माझ्याकडे न बघता म्हणाला, "पेटी मोठी करायला लागेल. चोवीसला बांधली तर फिल्टर खाली घेता येईल, आणि काही फाटणार नाही. पण एका दिवसात एकट्याने होणार नाही."

मी म्हटलं, "प्लायवूड माझ्याकडे आहे."

रविवार, ६ ऑक्टोबर

सकाळी सहापासून देवळाच्या आवारात. पेटी दीडपट केली. पेटीतलं हवेचं भुयार लांबवलं. त्याने कापलं, मी जोडलं. कामाखेरीज तो एक शब्द बोलला नाही. "धर." "सोड." "कोपरा निसटलाय." नऊ वर्षं माझ्याशी 'अहो-जाहो' बोलायचा. आज सरळ "धर."

दुपारी फिल्टरवरून भांडण. मी म्हटलं पंचवीस. तो म्हणाला एकवीस. मी म्हटलं पडदा जाईल. तो म्हणाला, "बोट ठेव आणि सांग." बोट ठेवलं. तरी मी पंचवीसच म्हणालो. बाबा स्टुलावर पाठ टेकून बसले होते, त्यांनी दोघांकडे पाहून नुसतं बोट खाली दाखवलं. अजून खाली. रुइपिनने एकवीसवर ठेवला आणि बूस्टच्या भोकावर पत्र्याची चकती ठोकून बंद करून टाकलं. बाबांनी तोंड वाकडं केलं, पण काही म्हणाले नाहीत.

सोमवार, ७ ऑक्टोबर

मिरवणूक सकाळी आठला निघाली, दुपारी तीनला देवळात परतली. सात तास सलग. फटाके, धूर, मोठ्या डोक्यांचे मुखवटे चढवलेले देव नाचतायत, आणि खालून तो ढोल. काठी नाही, चामडं. दुकानांची शटरं थरथरत होती. बाबा ट्रकवर बसून होते, बापाला ट्रकवर बसवलं म्हणून मला चार जणांनी नावं ठेवली. मी त्यांना ऐकवलं.

परतल्यावर वास घेतला, बोट ठेवून पाहिलं. काही जळलं नाही, काही फाटलं नाही.

एकवीसच बरोबर होता.

संध्याकाळी रस्ता ओलांडला. तो वायरिंग करत होता, दातांच्या डॉक्टरची गाडी होती, दिवे बदलायला आली होती. मी म्हटलं, "एकवीस बरोबर होता."

त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "माहीत आहे."

एवढंच. ना उस्ताद, ना बसा. मला इतका राग आला, इतका राग आला, की तिथलंच एक स्टूल ओढून बसलो, आणि त्याने थोड्या वेळाने समोर ठेवलेला चहा संपेपर्यंत उठलो नाही.